माहेरची ओळ

आमच्या दैनिकाच्या कचेरीत शिरलं की डाव्या हाताला एक खिडकी होती. तिच्यावर पाटी होती, 'छोट्या जाहिराती व निधन वार्ता'. या दोन गोष्टी एकाच खिडकीत का, असं एकोणतीस वर्षांत मला कोणी विचारलं नाही. जुनी मोटारसायकल विकायला काढलेला माणूस आणि सकाळीच वडील गेलेला माणूस एकाच रांगेत उभे राहत, आणि दोघांनाही मी पहिला प्रश्न तोच विचारत असे, "पूर्ण नाव?"

खिडकीच्या आतल्या बाजूला मी होतो. निवृत्त होऊन आता तीन वर्षं झाली. गेल्या वर्षी माझी बायको गेली, त्यामुळे हा लेख लिहायला उशीर झाला. या अंकाच्या संपादकांनी दोनदा आठवण केली; तिसऱ्यांदा त्यांनी सौजन्यानं केली नाही, तेव्हा लिहायला बसलो. लेखातली माणसांची नावं बदललेली आहेत. बायकोचं नाव दिलेलंच नाही, आणि तिचं माहेरचं आडनाव तर नाहीच नाही. ज्या दैनिकात मी लोकांच्या बायकांची माहेरं छापून आणली, त्याच दैनिकात तिच्या निधनाची बातमी माहेरावाचून छापली गेली. ती तशी छापावी हा नियम माझाच होता. हा लेख त्या एका ओळीबद्दल आहे.

आधी धंद्यातली गोष्ट साध्या शब्दांत सांगतो. निधन वार्ता आणि श्रद्धांजलीची जाहिरात या वेगळ्या वस्तू आहेत. जाहिरातीत फोटो असतो, चौकट असते, तिचे पैसे पडतात, म्हणून तिच्यात काय लिहायचं ते घरचे ठरवतात. निधन वार्ता फुकट असते, म्हणून तिच्यात काय लिहायचं ते मी ठरवत असे. त्यासाठी एक छापील फॉर्म होता. नाव, वय, गाव, वाडी, काय करत होते, मागे कोण कोण, कार्य कधी आणि कुठे, संपर्कासाठी मोबाइल. फॉर्म भरून घ्यायचा, त्यातून एक लांब वाक्य तयार करायचं, संध्याकाळी सहाच्या आत पानावर द्यायचं, आणि प्रूफ दोनदा वाचायचं. बातमीत चूक झाली तर वाचक हसतो. निधन वार्तेत चूक झाली तर घरी येतो.

हे मी पहिल्याच वर्षी शिकलो. एका वार्तेत मी गाव दिलं होतं, वाडी दिली नव्हती. दुसऱ्या दिवशी दुपारी एक गृहस्थ खिडकीशी आले. शांतपणे म्हणाले, "मी मेलोय ना?"

मी पेपर पुढे ओढला.

"मेलाय तो वरच्या वाडीतला. मी खालच्या वाडीतला. नाव तेच, बापाचं नाव तेच. माझी सासुरवाडी टेम्पो भरून रडत आलीय, आणि मी पडवीत पेज जेवतोय. आता त्यांना जेवायला कोण घालणार? तुम्ही?"

त्या दिवसापासून मी माहितीच्या बाबतीत कंजूषपणा सोडला. वाडी आली. मुली कुठे दिल्या ते आलं. जावयांची गावं आली. एक निवृत्त तलाठी तर स्वतःची वार्ता स्वतः लिहून, तारखेची जागा कोरी ठेवून, माझ्याकडे ठेवून गेले होते. दर गणपतीनंतर यायचे आणि दुरुस्त्या सांगायचे. "नातू झाला, वाढवा." "धाकट्याचं नाव खोडा." पुढल्या वर्षी, "लिहा परत धाकट्याचं." ते गेले तेव्हा मुलांनी आणलेला मजकूर तीन ओळींचा होता. मी ड्रॉवरमधला छापला. धाकट्याचं नाव त्यात त्या वर्षी होतं, हे त्याचं नशीब.

माझी बायको मुलींच्या शाळेत मराठी शिकवायची. सकाळी चहाबरोबर माझं पान ती शिक्षिकेच्या नजरेनं वाचायची. "अहो, तुमच्या पानावर सगळे मनमिळाऊच मरतात," ती म्हणायची. "भांडकुदळ माणसं रत्नागिरीत मरतच नाहीत का?" मी म्हणायचो, ती मोटारसायकली विकायला येतात.

एके दिवशी मात्र ती हसली नाही. एका वृद्ध बाईंची वार्ता होती. सासर, मुलगे, सुना, नातवंडं, सगळं व्यवस्थित. तिनं पेपर माझ्यासमोर ठेवला आणि बोट ठेवलं. "ही बाई लग्नाआधी वीस-बावीस वर्षं कुठे होती? आकाशातून थेट सासरी पडली?"

मी म्हटलं, फॉर्ममध्ये तसा रकाना नाही.

"मग पाडा रकाना. रूळ असेल ना कचेरीत?"

रकाना पाडला. 'महिला असल्यास माहेरचे नाव, वडिलांचे नाव व गाव.' पुढच्या छपाईत तो फॉर्मवर आला, आणि आमच्या दैनिकात गेलेल्या प्रत्येक बाईला माहेर मिळायला लागलं. मला वाटलं होतं त्यापेक्षा लोकांना ते जास्त हवं होतं. आमच्याकडे लग्नात कधी कधी पहिलं नावही बदलतात. मग शाळेतल्या मैत्रिणींनी ओळखायचं कशावरून? भाट्ये गावच्या एक आजी एका तेराव्याला अशाच न बोलावता आल्या. घरच्यांना कळेना या कोण. त्या म्हणाल्या, "आम्ही दोघी एका पाटीवर शिकलो. पेपरात तिचं खरं नाव आलं म्हणून कळलं." खरं नाव, असं म्हणाल्या त्या. मी घरी येऊन बायकोला सांगितलं. त्या दिवशी तिनं चहात साखर जास्त घातली.

यापुढची गोष्ट कळायला आमच्याकडची एक रीत माहीत असायला हवी. अनोळखी माणूस दारात आला की आम्ही पाणी देतो आणि पाणी देता देता चार प्रश्न विचारतो. कुठले तुम्ही? कुठली वाडी? कोणाचे? आई कुठची? चौथ्याचं उत्तर बरोबर आलं की पाण्याचा चहा होतो. ओळखपत्र वगैरे कोणी मागत नाही, कारण ओळखपत्र खोटं असू शकतं, आणि आई कुठची हे खोटं कोण सांगेल? एवढं ज्याला माहीत तो आपला. ही रीत शेकडो वर्षं बिनचूक चालली, कारण या चार प्रश्नांची उत्तरं कुठेही छापलेली नव्हती.

मी ती छापत होतो. रोज, दोनदा तपासून.

निवृत्तीला दोन वर्षं राहिली असताना पार्वतीबाई खिडकीशी आल्या. देवरुखच्या पुढे डोंगराकडचं त्यांचं गाव. हातात पेपरचं कात्रण, घडीवर घडी घातलेलं. त्यांच्या यजमानांची वार्ता. अडीच महिन्यांपूर्वी मीच लिहिलेली. यजमान पोस्टमन होते.

"तुम्हीच छापता ना ह्ये?"

"हो."

"मग आजून एकदा छापा. ते मेले ते खरंच मेले, असा छापा."

मी त्यांना आत बसवलं, पाणी दिलं. मग त्यांनी सांगितलं ते असं.

"बाराव्याच्या दुसऱ्या दिवशी फोन आला. काकू, पेन्शन कचेरीतून बोलतोय. कार्य आवरला का? आवरला असेल तरच बोलतो, नायतर दोन दिवसांनी करतो. माझ्या सख्ख्या पुतण्यान् इचारलान नाय वो. त्यान् इचारलान."

"मग?"

"मग सगळा सांगितलान त्यान्. ह्यांचा नाव, वय, गाव, वाडी, पोस्टात व्हते ते, पोरगे दोन मुंबैला, पोरगी लांज्याला दिलीय ती. आता तुम्हीच सांगा, घरच्या माणसाबिगर एवढा कोणाला म्हायत असणार?"

त्या बोटं दुमडत, मोजत सांगत होत्या आणि माझ्या लक्षात येत होतं की बोटांचा क्रम माझ्या फॉर्मचा आहे. चोरानं माझं वाक्य माझ्याच स्वल्पविरामांसकट वाचून दाखवलं होतं. मी इतकी वर्षं लिहीत आलो, पण माझ्या गद्याचा असा परिणाम झाल्याचं पहिल्यांदाच ऐकत होतो.

पेन्शन बायकोच्या नावावर करायची म्हणून त्यानं यजमानांच्या आधार कार्डाचे दोन्ही बाजूंचे फोटो मागितले. शेजारणीच्या फोनवरून पार्वतीबाईंनी ते पाठवले. फोनवर आलेला एक आकडाही वाचून दाखवला. त्या कार्डावर कुणी कुठे कुठे सिमकार्डं घेतली आणि त्या नंबरांवरून लोकांना फसवायला सुरुवात केली. मग कुठल्या तरी परराज्यातल्या पोलिसांचा फोन पार्वतीबाईंना आला. तुमचे मिस्टर कुठे आहेत?

"मी सांगितला, वो ऊपर गया. तर म्हणतो, ऊपर किधर?"

हे सांगताना त्या स्वतःच हसल्या, आणि हसता हसता पदर तोंडाला लावला. "आमच्या ह्यांनी जन्मात कोणाचा कार्ड वाचलान नाय. पोस्टकार्डा उघडीच असतात वो, दुमडलेली पण नसतात, तरी वाचलान नाय. बायका सांगायच्या, वाच रे बाबा, आमाला येत नाय, तवाच वाचायचे. आणि आता म्हणे जगाला फोन करून फसवतायत. गावात लोक मजेनं इचारतात, काय, पोस्टमनचा फोन आला काय? नाव घालवलान त्यांचा. पैसे नकोत मला काय. त्यांचा नाव परत द्या."

पेपरात खुलासा छापतात, पण असा खुलासा आम्ही कधी छापला नव्हता. मी लिहिला : 'या दैनिकात पूर्वी प्रसिद्ध झाल्याप्रमाणे सदर गृहस्थांचे निधन झालेले असून, त्यानंतर त्यांनी कोणासही फोन केलेला नाही.' संपादकांनी वाचलं, हसले, मग पार्वतीबाईंकडे पाहिलं आणि सही केली. त्या खुलाशाचं कात्रण त्यांनी जुन्याच्या शेजारी ठेवलं. एका माणसाचा मृत्यू दोनदा छापण्याची माझ्या नोकरीतली ती एकच वेळ.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याबरोबर पोलिसांच्या सायबर विभागात गेलो. तिशीच्या एक उपनिरीक्षक बाई होत्या. त्यांनी पार्वतीबाईंचं सगळं नीट ऐकलं, लिहून घेतलं, परराज्यात पत्र धाडायची व्यवस्था केली. ते नंबर बंद व्हायला आणि पोस्टमनचं नाव सुटायला पुढे चार महिने लागले, पण सुटलं. काम झाल्यावर त्या बाईंनी माझ्याकडे मोर्चा वळवला. त्या दिवसाचा पेपर त्यांच्या टेबलावरच होता.

"हे पान तुमचं ना काका?"

"माझं."

"छान असतं. आमच्याकडे आईपण वाचते. पण चोराला याहून जास्त काय लागतं, सांगा? तयार पान वाढून ठेवलंय, चटणी-कोशिंबिरीसकट." मग एका बाईंच्या वार्तेवर पेन ठेवलं. "आणि हे माहेरचं आडनाव. आईचं लग्नाआधीचं आडनाव काय, हा प्रश्न बँका ओळख पटवायला विचारत आल्यात, माहितीये ना? ते तुम्ही शंभर टक्के बरोबर छापता."

"दोनदा तपासतो," मी म्हणालो.

"तेच म्हणतेय मी."

फॉर्म बदलला. वय गेलं, वाडी गेली, मोबाइल गेला, माहेर गेलं. खिडकीवर भांडणं सुरू झाली. "आमची आजी अठ्ठ्याण्णवची होती हो! वयासाठीच तर छापायचं, नाहीतर तिच्यात आहे काय?" मी 'वृद्धापकाळाने' देऊ केलं. ते म्हणाले, वृद्धापकाळ साठीलाही येतो. दुसरा म्हणाला, "फुकट छापता म्हणून चिमटीनं वाढता होय?" आणि वाडी गेल्यामुळे एकाच नावाची जिवंत माणसं पुन्हा अधूनमधून यायला लागली. मी त्यांची माफी मागायचो. चोरापासून वाचवण्यासाठी तुम्हाला थोडं मारावं लागलं, असं काही त्यांना सांगता येत नव्हतं.

बायकोला मात्र सांगावंच लागलं. रकाना तिचा होता. ती पेपरच्या कडेवर बोट फिरवत बसली. मग म्हणाली, "काढा. त्या पोस्टमनच्या बायकोसारखं आणखी कोणाचं व्हायला नको." आणि थोड्या वेळानं, स्वयंपाकघरातून, "चोर येऊन सांगेपर्यंत आपल्याला कळलं नव्हतं बघा, बायकांचं माहेर एवढं मौल्यवान असतं."

ती गेली तेव्हा मी निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. आजार लांबला नाही. आम्हाला मूल नाही. तिच्यामागे मी आणि तिचा धाकटा भाऊ. त्याला सुधाकर म्हणू. बोटीवर नोकरी करून आता गावी स्थायिक झालेला, मोठ्या आवाजाचा, हळव्या मनाचा माणूस. तो गाडी काढून आला तो थेट माझ्या शेजारी बसला आणि आम्ही दोघं वार्तेचा मजकूर द्यायला त्या खिडकीशी गेलो. या वेळी मी बाहेरच्या बाजूला होतो.

आत शुभांगी होती. तिला काम मीच शिकवलं होतं. तिनं फॉर्म पुढे केला, मी भरला, आणि खाली कोऱ्या जागेत माहेरचं लिहिलं. हात चालला म्हणून लिहिलं. तिनं वाचलं. रडवेली झाली.

"सर, माहेर आपण छापत नाही."

"हो," मी म्हणालो. "खोड."

"खोड काय?" सुधाकर म्हणाला. "अहो भावोजी, हे काय? उभ्या जिल्ह्यातल्या बायकांची माहेरं ताईनं छापायला लावली आणि तिचंच नाही?"

"नंतर ते बंद केलं. तिलाही पटलं होतं."

"का बंद केलं?"

"चोरांसाठी."

"चोर!" कचेरीतले दोघे-तिघे वळून बघायला लागले. "ताईकडं चोरायला काय होतं? वाचनालयाचं कार्ड?"

शुभांगी म्हणाली, "सर, तुमच्यापुरतं मी छापते. कोण विचारतंय?" ती मनापासून म्हणत होती. मला फक्त 'छाप' म्हणायचं होतं. पण त्या खिडकीतून मी दोन वर्षं लोकांना नाही म्हणालो होतो. अठ्ठ्याण्णवच्या आजीलाही नाही म्हणालो होतो. मी म्हणालो, "नियम आहे तो आहे." सुधाकर गाडीकडे गेला. तेराव्यापर्यंत तो सगळं करत राहिला, माझ्याशी मात्र कामापुरतं बोलला. जाताना म्हणाला, "आमच्याकडची दोन-तीन घरं आली नाहीत. त्यांना कळलंच नाही." कोण आलं नाही ते त्याला माहीत होतं. जी मला आणि त्याला दोघांनाही माहीत नाहीत, अशी कोण कोण आली नाहीत, ते कळायला मार्ग नाही.

इकडे नियम पाळला, आणि त्याच पंधरा दिवसांत मी काय करत होतो? इस्पितळात तिच्या कार्डाची प्रत दिली. दाखल्यासाठी दिली. बँकेत दिली, विम्याला दिली, गॅसला दिली. प्रत्येक ठिकाणी एक फॉर्म होता आणि प्रत्येक फॉर्मला रकाने होते. झेरॉक्सच्या दुकानात एक प्रत तिरकी आली तर दुकानदारानं ती बाजूच्या खोक्यात टाकली. मी पाहिलं, पैसे दिले आणि निघालो. पेपरात नको म्हणून खोडलेलं सगळं मी गावभर वाटत फिरत होतो, सुवाच्य अक्षरात.

महिन्याभरानं, दुपारी जेवण झाल्यावर, फोन आला. आवाज तरुण, मराठी शुद्ध.

"काका, विमा कार्यालयातून बोलतोय. काकूंची एक जुनी पॉलिसी निघालीय. आधी आमच्याकडच्या नोंदी पडताळून घेतो."

मला पहिल्या वाक्याला कळलं होतं. हे लपवत नाही. चार वर्षांपूर्वी पार्वतीबाईंनी जे सांगितलं होतं त्याचीच ही सुरुवात होती. फोन ठेवायला हवा होता. पण तो वाचायला लागला. तिचं नाव. माझं नाव. मग तिचं लग्नाआधीचं पहिलं नाव. मग तिचं माहेरचं आडनाव. मग गाव, दापोलीकडचं, समुद्राकाठचं.

ती गेल्यापासून ते नाव माझ्यासमोर कोणी उच्चारलं नव्हतं. सुधाकर 'ताई' म्हणायचा, शेजारी 'बाई' म्हणायचे, भेटायला आलेल्या विद्यार्थिनी 'मॅडम' म्हणायच्या. मी खुर्चीत सरळ होऊन बसलो.

मग तो तिच्या वडिलांच्या नावावर आला आणि चुकला.

"नाही हो," मी म्हणालो, आणि बरोबर नाव सांगितलं.

सवय. दुसरं काय म्हणू? एकोणतीस वर्षं चूक दिसली की दुरुस्त केली. जगाला सांगत आलो की फोनवर 'हो' सुद्धा म्हणू नका, आणि स्वतः चोराचं प्रूफ तपासून दिलं.

"धन्यवाद काका," तो म्हणाला. त्याचा आवाज एकदम मोकळा झाला. "दुरुस्ती केली."

"आता सगळं एकदा सलग वाचा."

"वाचू?"

"वाचा. पहिल्यापासून."

त्यानं वाचलं. नाव, माहेर, वडील, गाव. घाई केली नाही. त्याला वाटलं असेल, मासा लागला. मी म्हटलं, आडनाव पुन्हा. त्यानं पुन्हा म्हटलं. माझ्या खिडकीतून जे छापून यायला हवं होतं, ते कुठल्या तरी खोलीत बसलेला एक चोर मला मोठ्यानं वाचून दाखवत होता, आणि ते बिनचूक होतं.

मग त्यानं कार्डाचे दोन्ही बाजूंचे फोटो मागितले.

"ते मिळणार नाहीत," मी म्हणालो.

त्याची शुद्ध मराठी थोडी घसरली. "मग येवढा वेळ काय ऐकत बसलेलात?"

प्रश्न रास्त होता. मी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सायबर विभागात गेलो. बाई त्याच होत्या. मला बघून उठल्या, खुर्ची दिली, चहा सांगितला. "आज कोणाला घेऊन आलात काका?"

"मीच आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग वही ओढली. कार्ड दिलं का? नाही. आकडा सांगितला का? नाही. मग काय माहिती दिली?

"वडिलांचं नाव दुरुस्त केलं."

"का?"

"चुकीचं होतं."

त्यांनी पेन खाली ठेवलं. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "कोणत्या काउंटरवरून निघालं असेल ते आता सांगता येणार नाही. पण त्याच्याकडे आता नाव, माहेर, वडील, सगळं बरोबर आहे. त्यांच्या नावावर कोणी काही घेतलं तर आपल्याला आधीची नोंद हवी. अर्ज लिहा. कोणती माहिती बाहेर गेलीय ते स्पष्ट लिहा."

मी लिहिलं. कोरा कागद, त्यांचं पेन. बाहेर गेलेली माहिती, असं शीर्षक दिलं आणि खाली तिचं नाव लिहिलं, लग्नाआधीचं नाव लिहिलं, माहेरचं आडनाव, वडिलांचं नाव, गाव. मग वय लिहिलं. मग शाळेतली नोकरी. पश्चात पती आणि एक भाऊ, असंही लिहिलं. बाईंनी कागद घेतला आणि वाचत वाचत शेवटच्या ओळीशी थांबल्या.

"काका, ही निधन वार्ता झाली."

"हो."

"शेवटचं हे... 'परखड स्वभावाच्या'. हे काय बाहेर गेलं नाही ना त्याच्याकडे?"

"नाही."

"मग अर्जात लागत नाही ते. खोडायचं?"

मी पेनाला टोपण लावून ते परत केलं. त्यांनी एकदा माझ्याकडे आणि एकदा कागदाकडे पाहिलं, शिक्का उचलला, आवक क्रमांक घातला, आणि मूळ प्रत फायलीला लावून तिची झेरॉक्स माझ्या हातात दिली. "ही जपून ठेवा. कोणाला देऊ नका."

घरी आल्यावर मी सुधाकरला फोन लावला. तेराव्यानंतर पहिल्यांदा मी लावत होतो. त्यानं उचलला.

"ताईचं लिहिलं," मी म्हणालो. "पूर्ण."

"छापून आलं?"

"छापून नाही. दाखल झालं."

"कुठं?"

"पोलिसांत."

तिकडे वारा ऐकू यायला लागला. तो बहुतेक अंगणात आला असावा. "माहेरासकट?"

"माहेरासकट. वडिलांच्या नावासकट."

"वाचा बघू."

असं काही फोनवर वाचू नये, हे मी इतक्या लोकांना सांगितलं आहे की त्याची मोजदाद नाही. मी चष्मा पुसला, कागद उलगडला आणि पहिल्या शब्दापासून, सावकाश, वाचायला लागलो.